“टॅग लावूनही सिरिंज पंप सापडत नाही” या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या तक्रारी चार: सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध हळूहळू देणारं यंत्र) कुठल्या खोलीत आहे ते स्क्रीनवर दिसत नाही, दारातून जाताना मधूनमधून नोंदच होत नाही, आयसीयूत रीडर (रेडिओ लहरींनी टॅग वाचणारं यंत्र) बसवायला आम्ही नकार दिला आणि साधा स्टिकर सोडून महागडे जाड टॅग गळ्यात मारले.

खोलीचं आधी. तुमचे टॅग बिनबॅटरीचे, फास्टॅगच्याच जातीचे. गाडी टोलनाक्यावरून गेली हे फास्टॅग सांगतो, पुढे ती कुठल्या गल्लीत लावली ते नाही. तसंच पंप कुठल्या दारातून आत गेला एवढंच स्क्रीनवर येणार. पुढे शोधायला हातातला रीडर दिलाय. तो वॉर्डात फिरवा. फक्त स्टीलची कपाटं उघडून, कारण बंद पत्र्यातून लहरी जात नाहीत. खोलीनिहाय हवं असेल तर बॅटरीचे टॅग आणि खोलीखोलीत रिसीव्हर लागतात. कोटेशनमध्ये दोन्ही होतं. तुमच्या व्यवस्थापनाने स्वस्तातलं निवडलं, आणि शंभर खाटांच्या हॉस्पिटलला ते पुरतंही.

आयसीयूबाबत मात्र मी हटणार नाही. ॲमस्टरडॅममध्ये 41 वैद्यकीय उपकरणांजवळ अशा टॅग-रीडर यंत्रणा लावून 123 चाचण्या घेतल्या, 2008 साली निष्कर्ष छापून आले. 34 वेळा उपकरणाच्या कामात अडथळा आला, त्यातले 22 प्रसंग धोकादायक ठरले. नशीब, रुग्ण जोडलेले नव्हते. अडथळा आला तेव्हा यंत्रणा आणि उपकरण यांतलं अंतर साधारण फूटभर, पण जास्तीत जास्त सहा मीटर. जास्त त्रास दिला तो 868 मेगाहर्ट्झच्या बिनबॅटरी यंत्रणेने. आपल्याकडचे रीडर 865 ते 868 च्या पट्ट्यात चालतात, म्हणजे अगदी शेजारी. त्यानंतर यंत्रं सुधारली असतील, पण तुमचे व्हेंटिलेटर रिकाम्या खोलीत तपासल्याशिवाय मी खाटेजवळ अँटेना लावणार नाही. दुसरा कोणी लावून देत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

स्टिकर सलाईन स्टँडच्या स्टीलवर चिकटतो, वाचला मात्र जात नाही. धातूपासून अंतर राखायलाच तो टॅग जाड असतो.

राहिली नोंद. तुमचे वॉर्डातले मामा पंप छातीशी धरून नेतात. टॅग अंगाला दाबला गेला की शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं आणि दारातला रीडर गप्प बसतो. टॅग हँडलच्या वर हलवू. आमचा माणूस येईल, पैसे नाहीत. तेवढं बायोमेडिकलचं (उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाचं) कोणीतरी सोबत द्या, आणि पंप वापरात नसतील अशी वेळ कळवा.