शुभंकर निवडताय? वाघ-सिंहांना जरा रजा द्या

अभिनंदन! स्पर्धेचं यजमानपद तुमच्या देशाला मिळालं. मैदानं, रस्ते, खेळाडूंच्या इमारती हे सगळं होत राहील, किंवा राहून जाईल. शुभंकर मात्र आधी हवा. पहिल्या पत्रकार परिषदेत दाखवण्यासारखं तेवढंच तयार असतं.

समितीत पहिलं नाव निघेल ते वाघाचं, नाहीतर सिंहाचं. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकाला इंग्लंडने विली नावाचा सिंह आणला आणि तेव्हापासून जनावरांच्या मागची ही वेठबिगार सुटलेली नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांना हत्ती, १९८८च्या सोल ऑलिंपिकला वाघ, २०१८च्या रशियातल्या विश्वचषकाला लांडगा. २००६ला जर्मनीने पुन्हा सिंहच घेतला. अंगात जर्सी घातली, चड्डी मात्र दिली नाही. त्याची खेळणी बनवणारी कंपनी तर स्पर्धा सुरू होण्याआधीच दिवाळखोरीत गेली. प्राण्यांचा कंटाळा आला तेव्हा स्पेनने संत्रं घेतलं, मेक्सिकोने मिरची आणि पॅरिसने चक्क टोपी. तेव्हा तुम्हीही लाजू नका. फक्त स्पर्धेशी ज्याचं खरंखुरं नातं आहे, असं काहीतरी घ्या.

माझं मत विचाराल तर गरोदर महापौर. याचं श्रेय माझं नाही, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं आहे. १९७६च्या ऑलिंपिकआधी तिथले महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते की, पुरुषाला जसं मूल होऊ शकत नाही, तशी ऑलिंपिकला तूट येऊ शकत नाही. एका व्यंगचित्रकाराने त्यांचं पोट पुढे आलेलं काढलं. पुढे बाळ झालं, चांगलं गुटगुटीत. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला २००६मध्ये, म्हणजे बाळ तिशीत आल्यावर.

तिथला अधिकृत शुभंकर कोण होता माहीत आहे? आमिक नावाचा बीव्हर; अंग काळं, त्यावर लाल पट्टा. बीव्हर हा जन्मजात बांधकामवाला. दातांनी झाडं पाडून धरण बांधतो, वाढीव निविदा काढत नाही. इकडे स्टेडियमचा मनोरा स्पर्धेच्या वेळी अर्धवट उभा होता, तो पूर्ण व्हायला १९८७ उजाडलं. आमिकला टी-शर्टवर छापण्यापेक्षा कामावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

महापौर तयार झाले नाहीत (होणार नाहीत), तर रिकामी खुर्ची घ्या. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लोक तिकिटांसाठी तडफडत होते आणि खास पाहुण्यांसाठी राखलेल्या रांगा टीव्हीवर मोकळ्या दिसत होत्या. शेवटी सैनिक आणि विद्यार्थी आणून बसवले. तिथले दोन्ही शुभंकर एकाक्ष होते, म्हणून त्यांना निम्म्याच खुर्च्या रिकाम्या दिसल्या असाव्यात. तुमची खुर्ची मऊ कापडाची करा, पाठीवर 'राखीव' अशी पाटी लावा. मुलांना तिला मिठी मारू द्या, बसू देऊ नका.

पांढरा हत्तीही वाईट नाही, पण तो स्पर्धा संपल्यावर दिसू लागतो. ब्राझीलमध्ये मनौसला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ४० हजारांहून अधिक प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं आणि २०१४च्या विश्वचषकाचे त्यात चार सामने झाले. पाचवा कोण खेळणार, हा प्रश्न समितीत काढू नका. लोक चहा टाकून उठून जातात.

एक धोका मात्र आधीच ओळखून ठेवा. सिडनीने २०००च्या ऑलिंपिकला एकाऐवजी तीन शुभंकर दिले: कुकाबुरा पक्षी, बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस आणि काटेरी एकिडना. तिकडे टीव्हीवरच्या दोन विनोदवीरांनी फॅट्सो नावाचा, ढुंगणाने भारदस्त असा व्हॉम्बॅट, म्हणजे तिथला एक बुटका केसाळ प्राणी, काढला. ऑस्ट्रेलियाचे जलतरणपटू त्यालाच घेऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढले. अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, आणि त्यांच्या नापसंतीनेच फॅट्सो आणखी गाजला. अधिकृत तिघांची नावं आठवतात का बघा. म्हणून शहाणपणा करा, टिंगलीचा शुभंकरही तुम्हीच काढा. त्याला पहिल्या दिवशी कडक शब्दांत विरोध करा, दुसऱ्या दिवशी त्याच्या बाहुल्या विकायला ठेवा. निदान पैसे तरी घरात राहतील.

नाव ठेवायला जनतेचं मतदान जरूर घ्या, लोकांना बरं वाटतं. तीन पर्याय द्या, तिन्ही सल्लागार कंपनीने सुचवलेले, तिन्ही उच्चारायला सारखेच अवघड. फक्त 'यातलं एकही नको' हा चौथा पर्याय चुकूनही ठेवू नका. बहुमताने तोच निवडून येईल आणि मग त्याचा पोशाख शिवायचा कसा?