लिंबूपाणी, सोडा आणि 'शरीर अल्कलाईन करा': त्या फॉरवर्डला उत्तर

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. खाण्यामुळे रक्त ॲसिडिक होतं, ॲसिडिक शरीरातच कॅन्सर वाढतो, ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला याच शोधासाठी नोबेल मिळालं, म्हणून रोज सकाळी लिंबूपाणी नाहीतर चमचाभर खायचा सोडा घ्या आणि लघवीत पट्टी बुडवून शरीर अल्कलाईन झालं का बघा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, या पट्ट्या रोज हातात असतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

रक्त ॲसिडिक होतं म्हणे. रक्ताचा पीएच (ॲसिड-अल्कलाईन मोजायचं माप, ७ च्या खाली ॲसिडिक, ७ च्या वर अल्कलाईन) ७.३५ ते ७.४५ असतो, म्हणजे ते मुळातच जरासं अल्कलाईन आहे. मटण, अंडी वगैरेंच्या प्रोटीनमधून ॲसिड तयार होतं हे खरंय, पण धडधाकट माणसात ते साठून राहत नाही, कारण फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि बाकीचं ॲसिड किडनी काढते. किडनीत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातून गेलेलं बायकार्बोनेट (ॲसिड निकामी करणारा अल्कलाईन घटक) बहुतेक सगळं किडनीतल्या बारीक नळीच्या सुरुवातीलाच परत घेतलं जातं, आणि शेवटचं बारीक काम करतात ते त्याच नळीच्या पार टोकाकडचे इंटरकॅलेटेड सेल नावाच्या खास पेशी. त्यातले अल्फा सेल ॲसिड लघवीत ढकलतात आणि बायकार्बोनेट रक्तात परत पाठवतात, बीटा सेल बरोबर उलटं करतात, जास्तीचं बायकार्बोनेट लघवीत सोडतात. अल्फा सेलचे ॲसिड पंप एरवी पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत असतात आणि रक्तात ॲसिड वाढलं की लघवीकडच्या भिंतीवर येऊन बसतात, मला हे दरवेळी वाचताना थक्क व्हायला होतं. शिवाय किडनी अमोनिया बनवते, तो हे ॲसिड धरून बाहेर नेतो, आणि ॲसिडचा भार टिकून राहिला तर काही दिवसांत अमोनियाचं उत्पादन कितीतरी वाढतं.

आता पट्टी. पट्टी लघवीचा पीएच दाखवते, रक्ताचा नाही. लघवीचा पीएच ४.५ ते ८ कुठेही असू शकतो आणि तो हलतो म्हणूनच रक्ताचा जागेवर राहतो. लिंबूपाण्यातल्या सायट्रेटचं लिव्हरमध्ये बायकार्बोनेट होतं, किडनी ते बाहेर टाकते, पट्टी हिरवी होते (म्हणजे अल्कलाईनकडे झुकते), बस, म्हणजे जास्तीचं फेकून दिलं एवढंच कळलं. नमुना दोन-चार तास तसाच बाहेर राहिला तरी बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करतात आणि पट्टी निळसर दिसायला लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिस्टल रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस नावाच्या आजारात अल्फा सेलच बिघडलेले असतात, रक्त ॲसिडिक झालेलं असतं पण लघवीचा पीएच ५.५ च्या खाली येतच नाही, म्हणजे लघवी हवी तेवढी ॲसिडिक होत नाही. मुतखडे होतात, पोटॅशियम घसरतं, लहान मुलांची वाढ खुंटते, आणि काही मुलांना ऐकूही कमी येतं कारण अल्फा सेलमधला तोच ॲसिड पंप आतल्या कानातही लागतो. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने ज्याची पट्टी 'छान' तोच पेशंट खरा आजारी!

वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, शरीर अल्कलाईन करण्यासाठी नाही. कॅन्सरच्या गाठीच्या आसपास ॲसिड असतं कारण गाठच लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकते. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी ७.४ पीएचच्या द्रवात मजेत वाढतात. या अल्कलाईन प्रकाराचा मोठा प्रचारक, अमेरिकेतला रॉबर्ट यंग, लायसन्स नसताना डॉक्टरकी केल्याबद्दल २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दोषी ठरला.

बाजारात विकत मिळणारं अल्कलाईन पाणीही पोटातल्या ॲसिडमध्ये पडतं आणि विषय तिथेच संपतो, पैसे वाया.

लिंबूपाणी प्यायला बहुतेकांना हरकत नाही, ज्यांना कॅल्शियमचे खडे होतात त्यांना त्यातल्या सायट्रेटचा फायदाही होतो. सोड्याची गोष्ट वेगळी आहे. चहाच्या एका छोट्या चमच्यात साधारण १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून २००० च्या आत राहा म्हणते, त्यामुळे बीपी किंवा हार्ट फेल्युअर असलेल्या काका-काकूंना हा मेसेज प्लीज पाठवू नका. किडनीच्या काही पेशंटना डॉक्टर सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात हे खरंय, पण ते रक्तातलं बायकार्बोनेट कमी आलं तर, मोजून, आणि पुन्हा तपासत राहून. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर पट्टी आणण्यापेक्षा पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारा की रक्तातलं बायकार्बोनेट किती आहे.