मृत्युपत्र कपाटात ठेवून तीन वर्षं घालवू नका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये मृत्युपत्राचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "प्रोबेटला मुदत नसते" (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र). दुसरं, "तीन वर्षं उलटली, आता मृत्युपत्राचा उपयोग नाही". दोन्ही चुकीची आहेत.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मध्ये अर्जाची शेवटची तारीख कुठेच नाही. आहे ती घाईला आडकाठी: मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस गेल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. तीन वर्षं येतात ती मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 137 मधून. तो प्रोबेटच्या अर्जाला लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने कुंवरजीत सिंग खंडपूर खटल्यात 2008 साली सांगितलं. पण ही तीन वर्षं मृत्यूच्या दिवसापासूनच मोजायची असं नाही. अर्ज करण्याचा हक्क जेव्हा निर्माण होतो तेव्हापासून मोजायची, उदाहरणार्थ एखाद्या वारसाने मृत्युपत्रालाच हरकत घेतली तेव्हापासून. मुंबई उच्च न्यायालयाने 1983 सालीच म्हटलं होतं की उशिरामुळे संशय येतो, पण नुसत्या उशिरामुळे दार बंद होत नाही. म्हणून मृत्यूला तीन वर्षं होऊन गेली असतील तर उशिराचं कारण अर्जातच तारखांसह लिहा. "माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही.

केवळ घर ठाणे जिल्ह्यात आहे म्हणून हिंदू कुटुंबाला प्रोबेट सक्तीचं कधीच नव्हतं. सक्ती होती ती मुंबई शहरातल्या मालमत्तेला किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्राला, आणि ती सक्ती घालणारं उत्तराधिकार कायद्याचं कलम 213 सुद्धा संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळलं. तरीही वारसांत कुरबुर असेल तर प्रोबेट घ्याच, असं माझं ठाम मत आहे. (खारघर, पनवेल नवी मुंबईत धरतात, पण जिल्हा रायगड. कोर्ट ठरवताना हे बघा.)

खरं घात करतो तो साक्षीदार. मृत्युपत्राचं शेवटचं पान उघडा. दोन सह्या दिसतील, बरेचदा खाली नाव वाचता येत नाही, पत्ता जुन्या चाळीचा. दोघांपैकी किमान एकाने कोर्टात सांगावं लागतं की सही आपल्यासमोर झाली. दोघेही हयात नसतील तर त्यांच्यापैकी किमान एकाचं आणि मृत्युपत्र करणाऱ्याचं अक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागतो, आणि विरोधकाला तिथेच फट मिळते. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात साक्षीदारांचे आजचे पत्ते मिळवा.

मृत्युपत्रात व्यवस्थापक (एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमलेला असेल तरच प्रोबेट, आणि तेही त्यालाच मिळतं. नसेल तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघण्याचे कोर्टाचे अधिकारपत्र) मागायची; तिथे सातऐवजी चौदा दिवस थांबावं लागतं. नॉमिनेशन आहे म्हणून निवांत राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कुणी कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नका, अशी कोर्टाला सूचना) टाकून हरकत घेतली की साध्या अर्जाचा दावा होतो आणि मग पुरावे, उलटतपासणी सगळं आलं.

प्रोबेट हातात आलं तरी व्यवस्थापकाचं काम संपत नाही: सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो.