सामायिक कोडला दुसरी नजर हवीच

मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मुक्त प्रकल्पात कोड तपासणारे रिव्ह्यूअर मिळत नाहीत, तेव्हा टेस्ट पास झाल्या की पॅच (कोडमधला बदल) सरळ मर्ज करा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळा, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. मेसामध्ये एकाच चिपच्या ड्रायव्हरपुरता बदल असेल तर खुशाल करा. पण एनआयआरचं, म्हणजे ड्रायव्हरांच्या सामायिक मधल्या कोड-रूपाचं, काय? इंटेल, एएमडी, क्वालकॉम, सगळ्यांचे शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) मेसामध्ये त्यातूनच जातात. तिथली एक चुकीची ओळ सगळ्यांनाच भोवते. सीआय, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्ट, हिरवं झाल्याशिवाय मार्ज बॉट हा मर्ज करणारा प्रोग्रॅम मर्ज करत नाही, मान्य. पण टेस्टमध्ये नसलेली चूक बॉटला कशी दिसणार?

आमच्या सांगलीत लॅबमधून हॅसवेल या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळातले पीसी अजून चालतात. इंजिनीअरिंगच्या पोरांनी त्यांवर नवा पॅच बिल्ड करून पिग्लिट हा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या टेस्टचा संच चालवावा आणि निकाल मर्ज रिक्वेस्टवर (पॅच मिसळण्याच्या विनंतीवर) टाकावा. रिव्ह्यूअरचा निम्मा भार तिथेच हलका होईल.