उलटा 'के'

मोबाइलवर प्रत्येक चेंडूची नोंद मिळत असताना बेसबॉलचा स्कोअर हाताने कशाला लिहायचा, असं एका लेखात विचारलंय. न्यू जर्सीत आल्यापासून मी लिहितोय, कारण लिहिताना नजर मैदानावरून हलत नाही. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा: चेंडू टाकणारा पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, शॉर्टस्टॉप ६. तक्त्यात ६-४-३ दिसलं की वर्षांनंतरही तो डबल प्ले (एकाच खेळीत दोघे बाद) डोळ्यांपुढे उभा राहतो. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला की, 'के'; बॅट न फिरवता बाद झाला तर तोच उलटा. 'के'ची खूण रूढ करणारे हेन्री चॅडविक आधी क्रिकेटचं वार्तांकन करायचे, याचं मला फार अप्रूप! १९५६च्या वर्ल्ड सीरिजमधल्या (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) पिचर डॉन लार्सनच्या परफेक्ट गेममधला, म्हणजे एकही फलंदाज बेसवर न पोचलेल्या सामन्यातला, २७वा बळी असाच उलट्या 'के'चा. लेकीने पेन्सिलीने भरलेला पहिला तक्ता अजून माझ्या कपाटात आहे.