चमच्याने दात ठोकून बघायचा तो मेसेज, त्याबद्दल थोडं

सिडको, इंदिरानगरच्या ग्रुपांवर दोन दिवस फिरतोय, की चमच्याने दातावर टकटक करा, जराही हलला तर पायरिया झालाय, काढावाच लागेल. मी नाशिकमध्येच दातांची प्रॅक्टिस करते, आणि काल एक काकू खरंच पर्समध्ये स्टीलचा चमचा घेऊन आल्या, दात ठणठणीत पण ठोकून ठोकून पुढचे दोन दुखायला लागलेले. खूप वाईट वाटलं.

अहो, निरोगी दातही किंचित हलतोच. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो, मुळाभोवती साधारण 0.2 मिलीमीटरची धाग्यांची गादी असते, चावताना तीच धक्का झेलते.

मेसेजमागची मूळ गोष्ट मात्र खरी आहे. पेरिओटेस्ट म्हणून जर्मनीत तयार झालेलं पेनासारखं यंत्र आहे, त्यातली छोटी दांडी 4 सेकंदात 16 वेळा दातावर हलकेच टेकते आणि प्रत्येक वेळी किती वेळ चिकटून राहिली ते मोजते, दात घट्ट असेल तर पटकन मागे येते, सैल असेल तर जास्त वेळ टेकून राहते. आकडा -8 ते +50, 9 पर्यंत दात घट्ट समजतात. हा मिलीसेकंदांचा हिशोब चमच्याने कसा कळणार?

आणि जास्त आकडा म्हणजे लगेच पायरिया असंही नाही, नवीन फिलिंग उंच राहिलं, तारा लावल्या असतील तरी दात सैल लागतो. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजून, एक्सरे बघूनच ठरतं. ब्रश करताना रक्त येत असेल, दात खरंच डुगडुगत असेल तर दाखवून घ्या, चमचा तेवढा ठेवून द्या.