पॉलिमरेझ चिकटलं म्हणजे आरएनए सुरू झाला, असं नव्हे

परीक्षा जवळ आल्या की मुंबईतल्या बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या आणि नीटच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक टिपण फिरू लागतं. मजकूर साधारण असा: ‘जिवाणूंमध्ये आरएनए पॉलिमरेझ टी-ए-टी-ए-ए-टी हा क्रम शोधून डीएनएला चिकटतं, एटीपी खर्चून डीएनए उघडतं, एटीजीपासून आरएनए बनवायला घेतं आणि सिग्मा लगेच गळून पडतो. रिफॅम्पिसिन पॉलिमरेझला डीएनएवर बसूच देत नाही.’ (आरएनए पॉलिमरेझ म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम, सिग्मा हा त्याला जोडला जाणारा प्रथिन-घटक, आणि रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध.) पाठ करायला सोपं आहे, म्हणूनच पसरतं. पण यातलं जवळपास प्रत्येक विधान तपासणीत टिकत नाही.

‘पॉलिमरेझ क्रम शोधतं.’ क्रम ओळखण्याचं काम सिग्माचं. दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि एक ओमेगा एवढ्यांचं मूळ एन्झाइम आरएनए बनवू शकतं, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला कळत नाही. सिग्माशिवाय परीक्षानळीत टाकलं तर ते डीएनएच्या तुटक्या टोकांवरून, चिरांवरून, कुठूनही सुरू होतं. ई. कोलाय या जिवाणूकडे सात सिग्मा आहेत. रोजचं काम सिग्मा-70 बघतो, उष्णतेचा ताण आला की सिग्मा-32 पुढे येतो, आणि त्याला हवा असलेला क्रम वेगळा असतो.

शिवाय ‘टी-ए-टी-ए-ए-टी’ हा सरासरीतून काढलेला आदर्श आहे. खुद्द लॅक प्रमोटर पाहा, म्हणजे ई. कोलायच्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या आधीचा, पॉलिमरेझ जिथे बसतं तो डीएनएचा पट्टा. (आरएनए ज्या बेसपासून, म्हणजे डीएनएच्या अक्षरापासून, सुरू होतो तो +1; त्याच्या आधीचे बेस वजा आकड्यांनी मोजतात.) −35 जवळ टी-टी-टी-ए-सी-ए (आदर्श टी-टी-जी-ए-सी-ए), मग 18 बेसचं अंतर (आदर्श 17), मग −10 जवळ टी-ए-टी-जी-टी-टी. बारापैकी नऊ अक्षरं जुळतात, अंतर एकाने जास्त. म्हणूनच हा प्रमोटर एकटा कमजोर पडतो आणि त्याला सीएपी-सीएएमपीचा (एक मदतनीस प्रथिन आणि त्याला जागं करणारा छोटा रेणू) टेकू लागतो. यूव्ही5 या उत्परिवर्तनात −10 चा क्रम हुबेहूब टी-ए-टी-ए-ए-टी झाला आणि टेकूची गरज जवळजवळ संपली. पण म्हणून सगळी अक्षरं तंतोतंत जुळणं म्हणजे सर्वोत्तम, असंही नाही. पकड फार घट्ट झाली तर पॉलिमरेझला तिथून सुटणंच जड जातं.

‘एटीपी खर्चून उघडतं.’ सिग्मा-70 च्या बाबतीत साफ चूक. −11 वरचा ए आणि −7 वरचा टी हे दोन बेस साखळीतून बाहेर उलटून सिग्माच्या खोबणींत बसतात, आणि साधारण 13 बेस-जोड्या +2 पर्यंत उघडतात. ऊर्जा या पकडीतूनच मिळते. एटीपी लागतो तो सिग्मा-54 ला, तोही वेगळ्या मदतनीस प्रथिनामार्फत. टिपण लिहिणाऱ्याने बहुधा या दोघांची खिचडी केली असावी.

चिकटणं आणि उघडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे प्रयोगात दिसतं. बर्फावर ठेवलेल्या नळीत पॉलिमरेझ डीएनएला धरतं, पण सहसा उघडू शकत नाही. 37 अंशांवर दहा मिनिटं दिली की उघडतं. मग मिलिलिटरला 50 ते 100 मायक्रोग्रॅम हेपरिन (डीएनएसारखाच ऋणभारित रेणू) टाकायचं. नुसती चिकटलेली पॉलिमरेझं ते ओढून घेतं, उघडलेली टिकतात. (राइबोसोमल आरएनएच्या प्रमोटरांवर ही कसोटी फसवते, त्यांचं उघडलेलं रूपही फार डळमळीत असतं.) मीठ जास्त पडलं तर पहिलीच पकड बसत नाही, पोटॅशियम क्लोराइड 100 मिलिमोलरच्या आसपास ठेवलेलं बरं.

‘एटीजीपासून.’ एटीजी ही प्रथिनाची सुरुवात. लॅकमध्ये −10 नंतर सहा बेस सोडून +1 चा ए येतो आणि एटीजी त्यानंतर 38 बेसनी. प्रायमर लागत नाही. पहिला न्यूक्लिओटाइड आपले तिन्ही फॉस्फेट तसेच घेऊन बसतो.

‘सिग्मा लगेच गळतो.’ टिपणातलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, कारण मधला अख्खा टप्पा त्यात गायब होतो. आरएनए ज्या वाटेने बाहेर पडायचा, त्याच वाटेत सिग्माचं एक बोट अडकलेलं असतं. साखळी चार-पाच न्यूक्लिओटाइडची झाली की त्याला धडकते. पॉलिमरेझ तोवर प्रमोटर सोडत नाही; जागेवरच बसून पुढचा डीएनए आत ओढत राहतं आणि आतला उलगडलेला डीएनए फुगत जातो. हा ताण असह्य झाला की बहुतेक वेळा आरएनएचा तुकडाच निसटून जातो आणि सगळं पहिल्यापासून. दोन ते दहा न्यूक्लिओटाइडचे असे वाया गेलेले तुकडे जेलवर तळाशी रांगेने दिसतात, आणि नवखा विद्यार्थी त्यांना आरएनए सडल्याची खूण समजतो. साखळी 9 ते 11 च्या पुढे गेली की बोट बाजूला सरतं आणि पॉलिमरेझ सुटतं. त्यानंतरही सिग्मा ठराविक ठिकाणी पडतोच असं नाही. कधी तो बराच पुढे सोबत जातो आणि −10 सारखा क्रम दिसला की पॉलिमरेझला तिथे थांबवतो. लॅम्डा विषाणूच्या पीआर-प्राइम प्रमोटरच्या पुढे +16-17 ला हेच घडतं.

राहिलं रिफॅम्पिसिन. ते बीटा उपघटकात, आरएनएच्या वाटेवर बसतं. पॉलिमरेझ डीएनएला चिकटतं, उघडतंही, पहिले दोन-तीन न्यूक्लिओटाइड जोडतं आणि साखळी औषधाला धडकून निसटते. जे पॉलिमरेझ आधीच लांब साखळी घेऊन पुढे निघालंय, त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. म्हणून प्रयोगात ते कधी टाकलं हे महत्त्वाचं: न्यूक्लिओटाइडच्या आधी टाकलं तर फक्त बारीक तुकडे मिळतात, साखळी लांब झाल्यावर टाकलं तर चालू आरएनए पूर्ण होतो, नवीन सुरू होत नाहीत.

शिवडीला क्षयरोगाचं रुग्णालय असलेल्या शहरातल्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा तरी नीट समजून घ्यावा. सीबीनॅट ही क्षयरोगाची जनुकीय चाचणी क्षयाच्या जिवाणूच्या आरपीओबी जनुकातला, म्हणजे याच बीटा उपघटकाच्या जनुकातला, 81 बेसचा पट्टा तपासते. रिफॅम्पिसिन-प्रतिरोधाचे सुमारे 95 टक्के बदल त्या पट्ट्यात असतात, कारण औषधाची खोबण तिथेच घडते. प्रमोटर ओळखणारा सिग्मा या चाचणीत कुठेच येत नाही.